व्हिक्टोरियाचा घोडा

मुंबईच्या अपोलो बंदरावर सायंकाळ उतरू लागली, की ताजमहाल हॉटेलच्या आसपास घोडागाड्यांची रांग लागत असे. रुपेरी पत्र्याने मढवलेल्या, कृत्रिम फुलांनी आणि रंगीबेरंगी दिव्यांनी सजवलेल्या त्या गाड्या पाहून परगावाहून आलेला माणूस हरखून जाई. मुले आईबापांचा हात ओढून हट्ट धरीत. गाडीवान हसतमुखाने पायरी दाखवी आणि मग डांबरी रस्त्यावर टापांचा ठेका धरीत गाडी समुद्राच्या वाऱ्यात चालू लागे. या गाड्यांना मुंबईकर ‘व्हिक्टोरिया’ म्हणत. शंभराहून अधिक वर्षे ही व्हिक्टोरिया मुंबईच्या वैभवाचे एक लक्षण मानली जात होती. १९७२ साली तर तिच्या नावाचा एक हिंदी चित्रपटही निघाला.

परंतु या शोभेच्या पुढच्या टोकाला एक जिवंत प्राणी जुंपलेला असे. गाडीत बसणाऱ्याला त्याची पाठ तेवढी दिसे. त्याचे खूर, त्याचे गुडघे आणि त्याचा तबेला सहसा दिसत नसे. ते पाहणारी आणि इतरांना दाखवणारी काही माणसे पुढे आली. त्यांच्या प्रयत्नांमुळे जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की केवळ मौजेखातर शहरात घोडागाड्या चालवणे बेकायदेशीर आहे. ही घटना का घडली, कशी घडली आणि तिच्यामागून कोणते प्रश्न उभे राहिले, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण तिच्यात एका मुक्या प्राण्याचा न्याय आणि काही गरीब माणसांची भाकरी या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

एके काळी घोड्यावाचून शहराचे पानही हलत नसे. आगगाडी माणसांना स्थानकापर्यंत आणून सोडी. पण स्थानकापासून घरापर्यंत, बंदरापासून वखारीपर्यंत आणि घरापासून कचेरीपर्यंतची सारी ये-जा बैलांच्या नाही तर घोड्यांच्या बळावर चाले. धनिकांच्या बग्ग्या, सामान्यांचे टांगे आणि भाड्याच्या व्हिक्टोरिया यांनी मुंबईचे रस्ते गजबजलेले असत. व्हिक्टोरिया ही चार चाकांची, बुटक्या बांध्याची, मागेपुढे करता येणाऱ्या छताची गाडी होय. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीवरून तिला हे नाव मिळाले. गाडीवानाची बैठक पुढे उंचावर आणि उतारूंची बैठक मागे खाली, अशी तिची रचना असल्यामुळे बसणाऱ्याला चहूकडचे दृश्य निवांत पाहता येई.

९ मे १८७४ या दिवशी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. रस्त्यात बसवलेल्या लोखंडी रुळांवरून एक किंवा दोन घोडे प्रवाशांनी भरलेला डबा ओढीत नेत. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी हे तिचे पहिले मार्ग होते. प्रारंभी ट्राम कंपनीच्या पागेत सुमारे ९०० घोडे होते असे सांगतात. एका कंपनीपाशीच इतके घोडे असतील, तर साऱ्या शहरात त्या काळी किती घोडे राबत असतील याची कल्पना करता येते.

योगायोगाची गोष्ट अशी, की त्याच १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी एक संस्था स्थापन झाली. अशा संस्थांची परंपरा इंग्लंडमध्ये सुरू झाली होती. तेथे १८२२ साली रिचर्ड मार्टिन या लोकप्रतिनिधीच्या खटपटीने जनावरांना निर्दयपणे वागवण्याविरुद्ध कायदा झाला. त्या वेळी पुष्कळांनी त्याची थट्टा केली. तरीही १८२४ साली प्राण्यांच्या रक्षणासाठी तेथे एक संस्था निघाली आणि पुढे तिला राजाश्रयही मिळाला. १८७७ साली ॲना सिवेल या बाईंनी एका घोड्याची कहाणी त्याच्याच तोंडून सांगणारी ‘ब्लॅक ब्यूटी’ ही कादंबरी लिहिली. शोभेसाठी घोड्याची मान सदैव ताठ राहावी म्हणून जो आखूड लगाम त्या काळी बांधीत, त्याने घोड्याला किती यातना होतात हे या पुस्तकामुळे हजारो वाचकांना प्रथमच उमगले.

मुंबईतही भूतदयेची जुनी परंपरा होती. पिंजरापोळांत थकलेल्या जनावरांना आसरा मिळे. दानशूर लोकांनी रस्त्यांच्या कडेला पाणपोया बांधल्या, तेव्हा माणसांसाठी वर नळ आणि जनावरांसाठी खाली दगडी कुंड अशी सोय पुष्कळ ठिकाणी केली. तहानलेला घोडा किंवा बैल तेथे थांबून पाणी पिई. १८८३ साली परळ येथे सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्याने त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नावाने जनावरांचे एक मोठे रुग्णालय सुरू झाले. पाय मुरगळलेले, खांद्याला जखमा झालेले असंख्य घोडे तेथे उपचारांसाठी येऊ लागले.

या सर्व सत्कार्यांमागे एक गोष्ट गृहीत धरलेली होती. घोड्याला कामाला जुंपावे लागणारच. तेव्हा त्याच्याकडून काम घेताना दया दाखवावी, त्याला वेळेवर दाणापाणी द्यावे आणि आजारी असता विश्रांती द्यावी, एवढीच त्या काळच्या सुधारकांची मागणी होती. घोड्याला जुंपावेच का, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही आणि त्या काळी तो विचारणे शक्यही नव्हते. घोड्यावाचून रोग्याला वैद्याकडे नेता आले नसते आणि धान्य बाजारात पोहोचले नसते.

पुढे काळ पालटला. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावू लागली आणि ट्रामच्या घोड्यांची सुटका झाली. १९११ च्या सुमारास भाड्याच्या मोटारी आल्या. १५ जुलै १९२६ रोजी मोटारबस सुरू झाली. उपनगरी आगगाड्याही विजेवर चालू लागल्या. अशा रीतीने घोड्याच्या मानेवरचे एकेक ओझे यंत्राने उचलले. टांगे कमी झाले, बग्ग्या नाहीशा झाल्या. व्हिक्टोरिया मात्र उरली. पण तिचे काम बदलले. आता तिच्यात बसून कोणी कचेरीला जात नसे, की रोग्याला रुग्णालयात नेत नसे. ती केवळ फेरफटक्याची, हौसेची गाडी झाली. गरज संपली आणि करमणूक तेवढी राहिली. पुढे न्यायालयात जो वाद झाला, त्याचे मूळ या बदलात आहे.

घोड्याच्या दृष्टीने या करमणुकीची किंमत काय होती, हे कळण्यासाठी त्याच्या शरीराची थोडी माहिती असली पाहिजे. घोडा हा मूळचा गवताळ माळरानावरचा प्राणी. त्याचा सबंध देह जणू पळण्यासाठी घडलेला आहे. त्याच्या प्रत्येक पायाला एकच बोट असते आणि त्या बोटाच्या टोकावरील जाड नख म्हणजे त्याचा खूर. खुराच्या तळाशी मध्यभागी एक लवचीक त्रिकोणी भाग असतो. पाय टेकला की खूर किंचित फाकतो, या भागावर दाब पडतो आणि त्यामुळे धक्का सोसला जातो. एवढेच नव्हे, तर पायातील रक्त वर हृदयाकडे ढकलण्यासही मदत होते. मऊ मातीवर ही योजना उत्तम चालते. डांबर आणि काँक्रीट यांवर मात्र धक्का शोषला जात नाही. लोखंडी नालेमुळे खूर झिजण्यापासून वाचतो. पण धक्का वर चढतो तो गुडघ्यांपर्यंत आणि सांध्यांपर्यंत. नाल नीट बसलेली नसली तर खूर वेडावाकडा वाढतो आणि घोडा लंगडू लागतो.

त्याचे पोट देहाच्या मानाने लहान असते. माळावरचा घोडा दिवसातले पंधरा-सोळा तास थोडेथोडे चरत असतो. शहरातील घोड्याला तोबऱ्यातून ठरावीक वेळी चंदी मिळते आणि मधला बराच वेळ रिकाम्या पोटी जातो. अशाने पोटशूळ उठण्याचा धोका असतो. घोड्याला ओकारी होत नाही. म्हणून माणसाला किरकोळ वाटणारी पोटदुखी त्याच्या प्राणावर बेतू शकते. त्याला दिवसाकाठी तीस-चाळीस लिटर पाणी लागते आणि उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. माणसाप्रमाणे त्यालाही भरपूर घाम येतो आणि घामाबरोबर अंगातील क्षार निघून जातात.

घोडा उभ्याने डुलकी घेऊ शकतो. म्हणून त्याला आडवे होण्याची गरज नाही, असा एक गैरसमज आहे. वस्तुतः गाढ झोपेसाठी त्याला काही वेळ अंग टाकून पडावेच लागते. त्यासाठी कोरडी, मोकळी आणि निर्भय जागा हवी. जेथे जमीन शेणामुताने ओली असते आणि दोरी आखूड असते, तेथे त्याला खरी झोप मिळत नाही.

शिवाय घोडा स्वभावाने भित्रा आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. रानात शत्रूपासून निसटण्यास हे साधन उपयोगी पडते. परंतु मोटारींच्या गर्दीत हीच देणगी त्याला त्रासदायक होते. म्हणून त्याच्या डोळ्यांना झापडे लावतात. मात्र झापडांनी दृष्टी अडते, कान अडत नाहीत. कर्ण्यांचा कर्कश आवाज, फटाके आणि अचानक अंगावर येणारी वाहने यांनी तो बिथरला, तर गाडीतील माणसे, गाडीवान आणि रस्त्यावरचे लोक या सर्वांच्याच जिवाला धोका उत्पन्न होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कुत्रा दुखावला तर केकाटतो. घोडा सहसा ओरडत नाही. जे प्राणी इतरांचे भक्ष्य असतात, ते आपले दुखणे शक्य तोवर उघड होऊ देत नाहीत, कारण कळपातील दुबळ्या प्राण्यावरच वाघसिंहांची पहिली झडप पडते. त्यामुळे घोडा कोसळेपर्यंत चालत राहतो आणि ‘तो चालतो आहे, म्हणजे त्याला काही होत नाही’ असा माणसाचा समज होतो. घोड्याचे दुःख कान, नाकपुड्या, डोळे आणि पाय टेकण्याची रीत यांवरून ओळखावे लागते. ती ओळख असणारा माणूस हवा.

असे असले, तरी गाडीवान म्हणजे निर्दय माणूस असे मानणे चुकीचे ठरेल. पुष्कळ गाडीवानांच्या घरात हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता. पहाटे उठून घोड्याला खरारा करणे, त्याला दाणावैरण घालणे, त्याचे खूर तपासणे यात त्यांचे बालपण गेलेले असे. घोडा हा त्यांच्या संसाराचा आधार होता. गाडीचा मालक एक आणि ती हाकणारा दुसरा, असेही पुष्कळदा असे. तेव्हा गाडीवानाच्या हाती दिवसअखेर जे पडे ते बेताचेच असे. शहरात जागेची टंचाई इतकी, की जेथे माणसांनाच पाय पसरायला जागा नाही तेथे घोड्याला ऐसपैस तबेला कोठून मिळणार? महागाईने वैरणीचे आणि चंदीचे भाव चढत गेले. घोड्याची आबाळ होण्यात गाडीवानाच्या निष्ठुरतेपेक्षा त्याच्या दारिद्र्याचा भाग अनेकदा मोठा असे. गाडीवानांखेरीज मोतद्दार, नालबंद, गवतवाले, गाड्यांची डागडुजी करणारे कारागीर अशी आणखी माणसेही या धंद्यावर पोट भरीत.

अशा स्थितीत कायदा काय म्हणत होता? भारतात प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध १८९० साली एक कायदा झाला होता. परंतु तो अपुरा होता. स्वातंत्र्यानंतर प्रसिद्ध नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल या राज्यसभेच्या सदस्या झाल्या. त्यांनी या विषयावर एक विधेयक मांडले. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी सरकारतर्फेच असा कायदा करण्याचे आश्वासन दिले आणि त्यातून १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा अस्तित्वात आला. आजारी, जखमी किंवा वयाने थकलेल्या जनावराला कामास जुंपणे हा या कायद्यान्वये गुन्हा आहे. १९६५ साली त्याला जोडून नियम करण्यात आले. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावराकडून दिवसात एकंदर नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये. विश्रांती न देता सलग पाच तासांहून अधिक काळ त्याला राबवू नये. आणि जेथे उष्णतामान ३७ अंशांहून अधिक असेल तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात त्याला जुंपू नये, असे हे नियम सांगतात. १९७६ च्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये राज्यघटनेत आली; त्यांत सजीवांविषयी दयाभाव बाळगणे हेही एक कर्तव्य सांगितले आहे.

नियम उत्तम होते. पण भर रस्त्यावर घोड्याचे तास कोण मोजणार? नऊ तास झाले हे घोडा सांगू शकत नाही. त्याला घामाघूम झालेला पाहून उतारू थांबत नाही, कारण त्याला आपल्या फेरीचे पैसे वसूल करायचे असतात. गाडीवानही थांबत नाही, कारण सुटीच्या दिवशी गिऱ्हाईक असते तेव्हाच चार पैसे मिळतात. असे वर्षानुवर्षे चालले होते.

ही कोंडी फोडण्यासाठी प्राणिमित्रांनी जो मार्ग धरला, तो अभ्यासण्याजोगा आहे. केवळ हळहळ व्यक्त केल्याने न्यायालय निर्णय देत नाही. त्याला पुरावा लागतो. म्हणून कार्यकर्त्यांनी तबेल्यांची पाहणी केली, छायाचित्रे घेतली आणि पशुवैद्यांकडून घोड्यांची तपासणी करवली. पायांच्या व्याधी, चुकीच्या पद्धतीने मारलेले नाल आणि अस्वच्छ, अपुऱ्या जागा अशा अनेक गोष्टी पुढे आल्या. २०११ साली ‘ॲनिमल्स अँड बर्ड्स चॅरिटेबल ट्रस्ट’ या संस्थेने आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. ज्याला स्वतःसाठी दाद मागता येत नाही, त्याच्या वतीने दुसऱ्याने न्यायालयात जाण्याची सोय हा जनहित याचिकेचा विशेष आहे. घोड्याच्या बाबतीत तिचा उपयोग किती यथार्थ होता, हे निराळे सांगायला नको.

गाडीमालकांची आणि गाडीवानांचीही बाजू न्यायालयापुढे मांडण्यात आली. हा आमचा परंपरागत धंदा आहे, तो बंद झाला तर आमच्या मुलाबाळांनी काय खावे, हा त्यांचा प्रश्न होता. धंदा बंद करण्याऐवजी तबेले सुधारा, तपासणी करा, पण आमचे साधन हिरावून घेऊ नका, हे म्हणणेही सहज उडवून देण्याजोगे नव्हते.

दरम्यान ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या झुंजी आणि शर्यती यांसंबंधी एक महत्त्वाचा निर्णय दिला. भूक व तहान यांपासून, अस्वास्थ्यापासून, वेदना व रोग यांपासून, भीती व क्लेश यांपासून मुक्तता आणि आपल्या जातीला साजेसे वागण्याची मोकळीक, अशा पाच स्वातंत्र्यांचा त्या निकालपत्रात आदराने उल्लेख होता. शर्यतींच्या बाबतीत पुढे कायदे बदलले. तथापि प्राण्यांकडे पाहण्याची एक नवी दृष्टी त्या निर्णयाने पुढे आणली.

अखेर जून २०१५ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती ए. के. मेनन यांच्या खंडपीठाने निकाल दिला. केवळ माणसाच्या मौजेसाठी घोडागाड्या चालवणे ही टाळता येण्याजोगी गोष्ट आहे आणि ती कायद्यात बसत नाही, असे न्यायालयाने ठरवले. शहरातील तबेलेही आवश्यक त्या परवान्याशिवाय चालत असल्याचे दिसून आले. गाड्या तत्काळ बंद न करता न्यायालयाने एक वर्षाची मुदत दिली आणि त्या अवधीत गाड्या बंद करण्याचा आदेश दिला. आणखी एक गोष्ट न्यायालयाने केली. या धंद्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ७०० कुटुंबांचा विचार करून, त्यांच्या पुनर्वसनाची योजना आखण्यास त्याने राज्य सरकारला सांगितले.

निकाल लागला म्हणजे प्रश्न सुटला असे होत नाही. मुदत संपल्यावरही काही गाड्या रस्त्यावर दिसत राहिल्या, कारण पुनर्वसनाची योजना ठरण्यास वेळ लागला. पुढे सरकारने गाडीमालक आणि गाडीवान यांना एकरकमी भरपाई किंवा काही रकमेसह फेरीवाल्याचा परवाना यांपैकी एक पर्याय देऊ केला. ज्या हातांना लगामाचीच सवय, त्या हातांनी आता हातगाडीवर माल विकावा, ही गोष्ट सांगायला सोपी असली तरी करायला सोपी नव्हती. घोड्यांचाही प्रश्न होताच. गाडी ओढीत नाही असा घोडा शहरात कोणाला पोसवणार? त्याला आसरा मिळाला नाही, तर मुंबईच्या रस्त्यावरून सुटून तो दुसऱ्या गावच्या गाडीला जुंपला जाण्याची भीती असते. म्हणून अशा घोड्यांसाठी आश्रयस्थाने हवीत, हा विचारही या चळवळीबरोबर वाढत गेला.

२०२१ साली मुंबईत जुन्या व्हिक्टोरियाच्या घाटाची, पण विजेवर चालणारी वाहने आणण्यात आली. तसेच उघडे छत, तशाच कमानदार बैठका आणि तशीच दिव्यांची शोभा. फक्त पुढे घोडा नव्हता. जुन्या गाडीवानांना या नव्या वाहनांवर काम मिळावे, अशी कल्पना त्यामागे होती. समुद्रकिनाऱ्यावरील फेरफटक्याचा आनंद घोड्याला राबवल्यावाचूनही घेता येतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

मुंबई या वाटेवर एकटी नाही. दिल्लीच्या महानगरपालिकेने २०१० साली टांगे बंद करण्याचे धोरण स्वीकारले. कॅनडातील माँट्रियल शहरात २०१९ सालच्या अखेरीस प्रवाशांच्या घोडागाड्या थांबल्या आणि अमेरिकेतील शिकागो शहराने २०२१ च्या आरंभापासून त्यांचे परवाने बंद केले. न्यूयॉर्कमध्ये मात्र सेंट्रल पार्कजवळील घोडागाड्यांचा वाद अनेक वर्षे रेंगाळला. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथे भर रस्त्यात एक घोडा कोसळला, तेव्हा प्राणिमित्रांची मागणी अधिक तीव्र झाली. पण तेथील वाहतूक कामगारांची संघटना गाडीवानांच्या पाठीशी उभी राहिली. जेथे जेथे हा प्रश्न उठला, तेथे तेथे एका बाजूला घोडा आणि दुसऱ्या बाजूला गाडीवान असेच चित्र उभे राहिले.

वास्तविक या दोघांना एकमेकांसमोर उभे करणे हेच मुळी योग्य नव्हे. दोघेही एकाच रस्त्यावर, एकाच उन्हात राबणारे जीव. उतारूच्या अर्ध्या घटकेच्या मौजेचे मोल दोघांनीही आपापल्या अंगाने भरले. घोडा मोकळा झाला आणि गाडीवान उघड्यावर पडला, तर ती भूतदया अपुरी म्हणावी लागेल. आणि गाडीवानाच्या गरिबीचे निमित्त करून घोड्याला मरेपर्यंत जुंपून ठेवले, तर तो न्याय नव्हे. न्यायालयाने बंदी आणि पुनर्वसन या दोन्ही गोष्टी एकाच निकालात सांगितल्या, यातच त्या निकालाचे मोठेपण आहे. त्यांपैकी पहिली गोष्ट आदेशाने करता येते. दुसरी मात्र समाजाने आणि शासनाने चिकाटीने पार पाडावी लागते.

घोड्याने हजारो वर्षे माणसाची सेवा केली. त्याने राजांना रणांगणावर नेले, टपाल पोहोचवले, नांगर ओढला आणि शहरे उभी राहत असता त्यांचे सारे ओझे वाहिले. माणसाला त्याची गरज होती तोवर ही सेवा घेणे समजण्याजोगे होते. गरज सरल्यावर केवळ गंमत म्हणून त्याला जुंपावे की नाही, हा प्रश्न मुंबईपुढे आला आणि तिने त्याचे उत्तर दिले. आज अपोलो बंदरावर पूर्वीसारखीच गर्दी होते, पूर्वीसारखाच वारा वाहतो आणि मुले पूर्वीसारखीच हट्ट धरतात. त्या गर्दीत ज्यांच्या आजोबांनी किंवा वडिलांनी एके काळी व्हिक्टोरिया हाकली, अशीही काही मुले असतील. त्यांच्या घरची चूल नीट पेटती राहिली, तरच घोड्याच्या सुटकेचे काम खऱ्या अर्थाने पुरे झाले असे म्हणता येईल.